तात्यांचा इंतजाम

सासरच्या उंबऱ्यावर माझं पहिलं स्वागत झालं ते फुंकर मारून. वैशाखातलं लग्न, पोखर्णीहून बैलगाडीत बसून अंग आंबून गेलेलं, तोंडावर हळदीचा नि धुळीचा थर. दारात उभी राहिले. सासूबाईंनी ओवाळायला ताट उचललं, निरांजन माझ्या तोंडाभोवती एकदा फिरलं, आणि दुसरी फेरी पुरी व्हायच्या आत गर्दीतून एक उंच, सुकलेला, कानाला फडकं बांधलेला माणूस पुढं आला. वाकला आणि त्यानं निरांजन फुंकून टाकलं.

"वारं सुटलंय," तो म्हणाला. "मांडवाचा डहाळा वाळून कोळ झालाय. बिनदिव्याचंच ओवाळा."

ओवाळणीचा दिवा फुंकणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. आमच्या पोखर्णीत घरातली साधी चिमणीसुद्धा फुंकत नाहीत, पदराच्या वाऱ्यानं मालवतात. माझ्यासोबत आलेली पाठराखीण तिथंच रडायला लागली. सासूबाईंना मात्र काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. विझलेलं निरांजन त्यांनी तसंच तिसऱ्यांदा फिरवलं आणि म्हणाल्या, "ये आत. हे तुझे चुलत सासरे, ग्यानबा तात्या. होळी ते मिरग त्यांचं असंच असतंय. पाऊस पडला की माणसात येतात."

होळी ते मिरग म्हणजे वर्षाचे तीन महिने. सासूबाई हे असं सांगत होत्या की जसं काही गावाला तीन महिने ताप येतो आणि मग उतरतो. मी तेव्हा सोळा वर्षांची, तोंडात जीभ असून नसल्यासारखी. पण त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती पुढची सात वर्षं काही खाली उतरली नाही.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दुसरा उन्हाळा चालू होता. आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून कोसभर. गल्लीत नऊ घरं, नऊच्या नऊ छपराची. तुराट्यांवर गवत टाकून शाकारलेली. तात्या रेल्वेत गँगमन होते. रुळाच्या कडेचं गवत कापायचं, उन्हाळा लागायच्या आत जाळून टाकायचं, आणि तरीही इंजिनाची ठिणगी पडून भडका उडालाच तर ओल्या पोत्यानं झोडपून विझवायचं, यात त्यांचा जन्म गेला. इंजिनाला ते पळती चूल म्हणायचे. नोकरी सुटली तसे गावात आले आणि आमच्या शेजारच्या घरात एकटेच राहायला लागले. रेल्वेनं त्यांना सोडलं, पण त्यांनी रेल्वे सोडली नाही. उचलून आमच्या गल्लीत आणली.

चार माणसं भेटली की रामराम म्हणतात. तात्या म्हणायचे, "पाणी भरलं का?" तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, ते घरात येऊन घागरीत हात घालून बघायचे. वर, "आग काय सांगून येती का? इंतजाम पायजे," हे ठरलेलं. इंतजाम हा त्यांचा लाडका शब्द. पोर झालं, इंतजाम हाय का. पाहुणा आला, इंतजाम हाय का. एकदा गावातले एक म्हातारे चैत्रात वारले. सगळं गाव ओढ्याकाठी जमलेलं, आणि हे ओलं पोतं खांद्यावर टाकून सरणाभोवती फेऱ्या मारायलेत. चिता पेटली, बायका हंबरडा फोडायल्यात, आणि तात्या त्या म्हाताऱ्याच्या लेकाला सांगायलेत, "रडून घे, पण हितून हलू नको. ज्यानं पेटवलं त्यानं राख थंड झाल्याबगर उठायचं न्हाई." त्या बिचाऱ्याला त्यांनी संध्याकाळपर्यंत उन्हात बसवून ठेवलं. राखेत हात घालून ती थंड झाल्याची खात्री केली, तेव्हा कुठं त्याला घरी सोडलं.

माणसानं काळजी करावी, मी नाही म्हणत नाही. पण तात्यांची काळजी अशी होती की ती करायची त्यांनी आणि राबायचं आम्ही. उन्हाळ्यात आमच्या विहिरीला पाणी बुडाला जायचं. बादली खाली आपटली की खडखड वाजायची. पहाटे नंबर लावून दोन घागरी मिळायच्या, त्याही गढूळ. आणि तात्यांचा हुकूम काय, तर प्रत्येक छपराच्या वळचणीला दोन घागरी भरलेल्या असल्याच पाहिजेत, त्या प्यायच्या नाहीत, त्यानं भांडी घासायची नाहीत. म्हणजे घरातल्या बाईनं दोनाच्या चार खेपा करायच्या. आगीची भीती पुरुषाला आणि घागर बाईच्या डोक्यावर, याला काय इंतजाम म्हणतात? आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात याला.

चुलीचं तर विचारूच नका. उन्हं छपरावर यायच्या आत स्वयंपाक उरकायचा आणि चूल विझवायची. नुसती विझवायची नाही, पाणी मारून विझवायची आणि तात्यांना दाखवायची. ते बोट घालून बघायचे. मग दिवेलागणीला वारा पडेपर्यंत गल्लीत धूर दिसता कामा नये. माझी आई पहिल्यांदा मला भेटायला आली ती नेमकी भर दुपारी, पोखर्णीहून पायी. तिला मी घोटभर चहा करून देऊ शकले नाही. सकाळची भाकरी नि गार पाणी दिलं. आई जाताना सासूबाईंना म्हणाली, "लेकीच्या घरी चूल पेटत न्हाई हे आमाला कुणी सांगितलं न्हवतं." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विस्तव मागायला जायची तर पंचाईतच. तेव्हा आगपेटी जपून वापरायचे. एका घरची चूल पेटली की शेजारणी खापराचा तुकडा घेऊन यायच्या, दोन निखारे न्यायच्या आणि आपली चूल पेटवायच्या. तात्यांनी खापर बंद केलं. विस्तव न्यायचा तर मडक्यात, वरून झाकण, झाकणावर ओलं फडकं. एवढं करून घरी पोहोचेपर्यंत निखारा कोळसा झालेला असायचा. माझी शेजारीण कौसाबाई म्हणायची, "ह्या तात्याच्या पायी आमच्या घरात भाकरी न्हाई, नुसती पिठाची उंडीच खायाची येळ येणार." दाराशी प्रत्येकानं रेतीची पाटी ठेवायची, हाही एक हुकूम होता. त्या रेतीचा उपयोग सात वर्षांत फक्त गल्लीतल्या मांजरांनी केला.

आता तुम्ही म्हणाल, एवढा राग होता तर बोलायचं तोंडावर. कसं बोलणार? चुलत असले तरी सासरेच. सासऱ्यांपुढं सुनेनं उभं राहायचं नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं तर नाहीच नाही. पण बाईची जात, गप्प बसली तर फुटेल. म्हणून मी म्हशीशी बोलायचे. आमची चंद्री म्हैस अंगणात बांधलेली असायची आणि तात्यांचं अंगण पलीकडेच. मी पदर ओढून तिच्यापुढं आंबोण ठेवायची आणि म्हणायची, "चंद्रे, काही लोकांना दुसऱ्याच्या डोक्यावरची घागर लय हलकी वाटती बघ." लेकी बोले सुने लागे.

तात्या काही कमी नव्हते. ते पलीकडून म्हणायचे, "चंद्रे, तिला सांग, जळालेलं घर घागरीपेक्षा जड असतंय."

"चंद्रे, घर जळंल तवा जळंल. आज माझी मान मोडायलीय."

"चंद्रे, तिला म्हणावं घागरीखालची चुंबळ नीट कर. कापडाची करती, म्हणून मान दुखती. गवताची कर."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रीच्या दावणीत गवताची चुंबळ पडलेली असायची, चांगली मऊ वळलेली. मी ती वापरायची आणि आणखी चिडायची. असं आमचं सात वर्षं चाललं. म्हशीला जर बोलता आलं असतं तर तिनं आम्हा दोघांनाही शिंगावर घेतलं असतं.

सगळ्यात मोठा जाच होता तो रुळाचा. तात्यांनी कुठून तरी हातभर रुळाचा तुकडा आणून गल्लीच्या तोंडच्या लिंबाला टांगला होता. लोखंडी खिळ्यानं त्यावर तीन ठोके मारायचे, थांबायचं, परत तीन. हे ऐकलं की असाल तसे उठायचं, लेकरं उचलायची, जनावरं सोडायची आणि ओढ्यात जाऊन उभं राहायचं. याला ते कवायत म्हणायचे. कधी घेतील नेम नाही. एकदा माझी सासू अंगाला तेल लावून न्हायला बसलेली, तशीच लुगडं गुंडाळून ओढ्यात उभी. कुणी काय उचलून आणलं ते तात्या बघायचे. कौसाबाईनं एकदा लेकराऐवजी वरणाची तपेली आणली होती. लेकरू घरात पाळण्यात ओरडायलंय, आणि ही तपेली पदराखाली धरून उभी.  तात्या स्वतः गेले आणि लेकरू घेऊन आले.

जनावरांना सरकगाठ मारायची, एका ओढीत सुटली पाहिजे. ती गाठ चंद्री दोन दिवसांत शिकली. तिसऱ्या दिवशी तिनं आपणच सोडून घेतली आणि पाटलाच्या वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसली. पाटील आमच्या दारात येऊन काय काय बोलून गेले. तात्या पलीकडून म्हणतात कसे, "बघा, म्हशीला कळलं. माणसालाच कळंना."

आता गंजीचं सांगते, कारण सगळं घडलं ते गंजीपायी. ज्वारी निघाली की कडब्याच्या पेंढ्या बांधून त्याची गंजी रचतात. आमचे दोन बैल आणि चंद्री, यांचं वर्षाचं पोट त्या गंजीवर. पावसाळ्याच्या तोंडाशी कडबा सरला तर बैल पेरणीला उभा राहत नाही आणि बैल उभा नाही तर मग शेत कसलं. गाव सगळं गंजी घरामागं रचतं. काढायला सोपी, राखायला सोपी. पण आमच्या गल्लीच्या नऊ गंज्या कुठं? तर ओढ्यापलीकडं, माळावर, एकमेकींपासून शंभर-शंभर पावलांवर. तात्यांनी स्वतः पावलं मोजलेली. म्हणजे खळ्यातून पेंढ्या डोक्यावर घेऊन माळावर न्यायच्या आणि पुढं वर्षभर रोज सकाळी तिथून जनावरांपुरत्या घरी आणायच्या. कोणी? आम्ही. कडब्याच्या पानानं माझी मान, दंड, कान सगळं चिरून निघायचं.

"सात वर्षांत कुठं आग लागली का?" मी एकदा चंद्रीला विचारलं.

"चंद्रे, सांग तिला," पलीकडून आलं, "लागली न्हाई ती इंतजाम हाय म्हणून."

म्हणजे नाही लागली तरी हेच खरे, लागली असती तरी हेच खरे.

आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पाडवा होऊन चार-आठ दिवस झाले असतील. आदल्या दिवशीच आमची गंजी माळावर रचून झाली होती आणि माझी मान डावीकडं वळत नव्हती. आई यायची होती, सुमीला बघायला. सुमी माझी तीन वर्षांची लेक. पहाटे तीन तास विहिरीवर बसून मी दोन घागरी पिण्याचं पाणी आणलं, त्यातल्या त्यात नितळ. दारात ठेवलं आणि झाडायला वळले. तेवढ्यात तात्या आले, छपराकडं बघितलं, म्हणाले, "पडवीवरचं गवत लय तडतडायलंय," आणि त्या दोन्ही घागरी उचलून माझ्या छपरावर रित्या केल्या. आईसाठी आणलेलं पाणी. पन्हळीसारखं माझ्या अंगणात गळत होतं आणि मी हातात झाडू घेऊन बघत होते.

तात्या ओलं पोतं घेऊन माळावर निघून गेले. आमच्या नव्या गंजीभोवती त्यांना पट्टा मारायचा होता. पट्टा म्हणजे गंजीच्या भोवतीचं गवत सकाळी वारा नसताना, ओल असताना, दोन हात रुंद जाळून टाकायचं. मग बाहेरून आग आली तरी त्या काळ्या जमिनीशी येऊन थांबते. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. पट्टा जळून राख थंड होईपर्यंत तिथं बसून राहायचे, मग दुपार का होईना.

मी रिकाम्या घागरी घेऊन अंगणात मटकन बसले आणि रडले. कौसाबाई आली, आणखी दोघी आल्या. सगळ्यांच्या मनात सात वर्षांचं साचलेलं. कौसाबाई म्हणाली, "रोज आपल्याला पळवतो. आज त्यालाच पळू दे की. जा, वाजव."

सासूबाई नि बाकीची गल्ली शेतात गेलेली. मी गेले आणि रूळ वाजवला. तीन ठोके, थांबले, परत तीन.  जिवाला गार वाटलं.

तात्या आले. ओढा ओलांडून, काट्याकुट्यातून, अनवाणी. साठीचा माणूस, धोतर खोचलेलं, तोंडाला फेस आलेला. "कुठं? कुठं?" एवढंच म्हणत होते. कुणाच्या उत्तराची वाट न बघता सरळ माझ्या घरात घुसले आणि झोपलेल्या सुमीला छातीशी धरून बाहेर आले. मग चंद्रीची गाठ ओढली. मग नऊच्या नऊ छपरांवरून नजर फिरवली. आम्ही चौघी पदर तोंडात कोंबून हसत होतो. त्यांना दिसलं असणारच. त्यांनी सुमीला माझ्या हातात दिलं, श्वास घेतला आणि चंद्रीकडं बघून म्हणाले, "ठीक हाय चंद्रे. समदे भाईर हायेत."

एवढं बोलून ते वळले, आणि माळावर धूर दिसला.

पट्ट्याच्या कडेला वाळलेलं शेण असतं. ते आत धुमसत राहतं, वरून दिसत नाही. त्यासाठीच तर बसून राहायचं असतं. वारा उठला आणि त्यातली एक ठिणगी गंजीत गेली. आम्ही पोहोचलो तोवर गंजी राहिली नव्हती, नुसता जाळ होता, आणि तात्या एकटे त्याला ओल्या पोत्यानं झोडपत होते. शेतातून माणसं धावत आली. बाकीच्या आठ गंज्या वाचल्या, शंभर पावलांनी वाचल्या. जळाली ती आमची एकटीची.

 बैलांचं नि चंद्रीचं वर्षाचं पोट माझ्या डोळ्यांपुढं राख होऊन बसलं होतं. ते कुणी केलं हे मला ठाऊक होतं, कौसाबाईला ठाऊक होतं, आणि त्या दोघींना.

माणसं जमली तशी एकच बोलायला लागली, इंजिन. सकाळची मालगाडी नुकतीच गेली होती. "ठिणगी तिचीच," कुणी तरी म्हणालं. आमच्या मालकांचे, सुमीच्या बापाचे, डोळे लाल झालेले. "चला पिंगळीला," ते म्हणाले, "टेशनमास्तरला गचांडी धरून इचारू." दहा-बारा जण काठ्या घेऊन निघालेसुद्धा. मला, देवा नरसिंहाची शपथ, बरं वाटलं. इंजिनावर गेलं तर जाऊ दे, इंजिनाला काय सासू आहे का नवरा आहे.

"थांबा," तात्या म्हणाले. तोंड काळं झालेलं, मिशी एका बाजूनं जळालेली. "इंजिनाचा कसूर न्हाई. पट्टा म्या मारला. अन् जागा म्याच सोडली."

पाटील पुढं आले. "तुमी? राख थंड झाल्याबगर मड्याच्या लेकाला उठू देत न्हाई तुमी. तुमी जागा कामून सोडली?"

ठोके सगळ्या शिवारानं ऐकले होते. पण तो रूळ तात्यांशिवाय कुणी वाजवत नसे, म्हणून तो त्यांनीच वाजवला असणार असं पुरुषांनी धरलं होतं. कौसाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी सुमीला घट्ट धरलं आणि खाली बघत राहिले. आता नाव निघणार. मग मालकांचा हात, मग सासूबाईंचं तोंड, मग माहेरची वाट.

"तहान लागली होती," तात्या म्हणाले. "पाणी प्यायला घरी गेलो. गेलोच होतो तर म्हणलं, कवायत घ्यावी. वाजवला."

 मग सासूबाईंनी सुरुवात केली. जन्मभर आम्हाला पाणी भरायला लावलंत आणि स्वतःसाठी एक लोटी नेता आली नाही का, कवायतीचं भूत मानगुटीवर बसलंय, आमच्या जनावरांच्या तोंडचा घास घालवलात. सात वर्षांचं जे जे होतं ते सगळं बाहेर आलं. आणखी बायका मिसळल्या, मग पुरुष. कुणी तरी मोठ्यानं हसलं. काठ्या घेतलेले लोक परत फिरले. मालक तात्यांच्या अंगावरच जाणार होते, पण पाटलांनी धरलं. तात्या उभे होते. मला सात वर्षं हेच तर ऐकायचं होतं, कुणी तरी त्यांना असं उभं धरून सुनवावं. आणि आता ऐकवत नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा तात्या कडबा घेऊन आमच्या अंगणात आले. डोक्यावर पाच पेंढ्या. त्यांची एकच गाय होती, तिच्यापुरती त्यांची गंजी लहानच. पेंढ्या उतरवून चंद्रीपाशी ठेवल्या आणि तिला म्हणाले, "चंद्रे, घरात सांग, माझी अर्धी गंजी ह्यांची. उरलेलं मी बघतो, कुणाकुणाकडून गोळा करीन. पर एका टायमाला पाचच पेंढ्या आणायच्या. घरापाशी जास्त ठेवायचा न्हाई." एवढं होऊनसुद्धा पाचच.

मालक घरात नव्हते, सासूबाई देवळात गेलेल्या, आईही अजून आली नव्हती. मी पदर ओढून बाहेर आले. चंद्रीकडं तोंड केलं, आणि तिला काही सांगता येईना. मग मी वळून त्यांच्याकडंच बघितलं.

"तात्या, रूळ म्या वाजवला होता."

ते दचकले. सून थेट बोलली म्हणून दचकले, बोललेल्या गोष्टीनं नाही. मान फिरवून दावणीकडं बघत म्हणाले, "मालूम हाय."

"कसं?"

"ठोके मोजून पडले. तीन अन् तीन. घाबरलेला माणूस मोजून मारत न्हाई."

म्हणजे माळावरच कळलं होतं. माझा राग परत वर आला, स्वतःवरचा, त्यांच्यावरचा, सगळ्यांवरचा. "मग आलात कशाला? खोटा हाय हे कळलं होतं तर बसायचं होतं तिथंच. माझ्या गंजीची राख कशाला होऊ दिली?"

"अन् खरा असता तर?"

 तात्या दावणीच्या दगडावर बसले. तसे ते कधी आमच्या अंगणात बसत नसत.

"लाईनीवर खोली होती आमाला," ते म्हणाले. "वर गवताचं छप्पर. मी पट्टा मारायलो होतो, दोन फर्लांगावर. एक माणूस सांगत आला, तुमची मंडळी बोलवायल्यात, जल्दी चला. म्हणलं, राख थंड झाली की येतो. हुकूमच तसा होता. गेलो तवा छप्पर जळून खाली आलेलं. ती भाईर बसलेली, दोनी हात भाजलेले. एकटीनं सामान काढलं होतं. माझी पेटीबी काढली होती. मला एक शब्द बोलली न्हाई. भावाकडं चारठाण्याला गेली, ती गेलीच. दोनदा आणायला गेलो. दाराआडून भावाला म्हणली, त्यांला सांगा, राख अजून थंड झाली न्हाई."

गावात सगळे म्हणायचे की असल्या तऱ्हेवाईक माणसाजवळ कोण बाई नांदेल, म्हणून ती निघून गेली. मीही म्हणायची.  त्या चारठाण्याच्या न पाहिलेल्या चुलत सासूचा राग येईना, तात्यांचा येईना, आणि राग आल्याशिवाय कसं बोलायचं ते मला माहीत नव्हतं. मी आत गेले, तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढं ठेवलं. ते प्याले.

"मी सांगते समद्यांला," मी म्हणाले. "आजच सांगते. तुमाला उगं बोलले लोक."

तात्यांनी मान वर केली. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं.

"खबरदार. कुणाला सांगायचं न्हाई. नवऱ्यालाबी न्हाई."

"मला मार बसंल म्हणून?"

"ते तू अन् तो बघा. उद्या मी नसंल, अन् खरी आग लागंल, अन् तू वाजवायला जाशील. लोक म्हणतील, ती हाय व्हय, ती उगं वाजवती. अन् येणार न्हाईत." ते उठले, धोतर झटकलं. "गंजी पुढच्या सुगीला होईल. तुझ्या ठोक्याला माणूस आला पायजे."

मी कुणाला सांगितलं नाही. तात्यांना जाऊन वर्षं झाली, मालकही राहिले नाहीत. आज पहिल्यांदाच सांगते आहे.